कृष्णविवराची ओळख त्याच्या चढउतारांतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील कृष्णविवरांवरचा लेख आवडीने वाचला. त्यासोबत एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे २०१९ मधील प्रसिद्ध छायाचित्र होते आणि सगळे विवेचन त्याच छायाचित्राभोवती फिरत होते. मात्र आपल्या आकाशगंगेत सूर्याच्या दहा-वीस पट वस्तुमानाची जी कृष्णविवरे आहेत, त्यांचे असे छायाचित्र आजची कोणतीही दुर्बीण घेऊ शकत नाही. त्यांच्याविषयी जे कळले आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या परिसरातून येणाऱ्या क्ष-किरणांच्या चढउतारांवरून कळले आहे. लेखात हा भाग राहून गेला, म्हणून हे पत्र.

ही कृष्णविवरे जोडताऱ्यांमध्ये सापडतात. सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढला जाऊन त्याची फिरती तबकडी तयार होते आणि तिच्या आतल्या भागात तो इतका तापतो की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. १९७० मध्ये सोडलेल्या उहुरू या क्ष-किरण उपग्रहाला हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-१ या क्ष-किरण स्रोताचे तेज सेकंदापेक्षाही कमी वेळात बदलताना दिसले. पुढे मिलिसेकंदाच्या पातळीवरचे बदलही आढळले. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या साधारण दुप्पट जातो. कोणताही बदल प्रकाशापेक्षा वेगाने पसरू शकत नाही, तेव्हा इतक्या झपाट्याने बदलणारा भाग फार तर तेवढाच असणार. केवळ घड्याळाच्या आधारे हजारो प्रकाशवर्षे दूरच्या वस्तूचा आकार ठरवता येतो, हे मला आजही विलक्षण वाटते.

याहून बोलके उदाहरण गरुड तारकासमूहातील जीआरएस १९१५+१०५ या क्ष-किरण स्रोताचे आहे. १९९२ मध्ये सापडलेल्या या स्रोतात सूर्याच्या सुमारे १२ पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्या चढउतारांचे बारा प्रकार २००० मध्येच वर्गवार मांडले गेले होते. त्यातल्या एका प्रकारात तेज हळूहळू चढते, टोकाला पोचून झपकन कोसळते आणि मिनिटभराच्या आसपास हेच पुन्हा घडते. तबकडीचा आतला भाग भरत जातो, प्रारणाचा, म्हणजे तिथून बाहेर पडणाऱ्या किरणांचा, दाब असह्य झाला की तिथला वायू भराभर निघून जातो आणि भरणे पुन्हा सुरू होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा आलेख मी छापून वर्गात फिरवला, तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा तर ईसीजी आहे." संशोधकही या प्रकाराला 'हृदयाचे ठोके' म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हते.

याच स्रोतात सेकंदाला सुमारे ६७ ते ७२ वेळा होणारी, तेजाची जवळपास नियमित दोलनेही आढळतात. ती कृष्णविवराच्या अगदी निकटची असावीत. त्यांचे नेमके कारण अजून वादाचे आहे. ही दोलने टिपणाऱ्या उपकरणांपैकी एक, लॅक्सपीसी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहातून अवकाशात गेले. प्रत्येक क्ष-किरण कण कधी आला, याची नोंद ते सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत अचूक ठेवते. मराठी वृत्तपत्रातल्या कृष्णविवरांवरील लेखात याचा साधा उल्लेखही नसावा, याचे मनापासून वाईट वाटते.

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या निरीक्षणांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते, आणि पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये ती वापरणाऱ्यांना मार्गदर्शन मिळते. पदवीच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर असा आलेख स्वतः काढता येतो. माझी विनंती एवढीच की, पुढच्या पुरवणीत छायाचित्राशेजारी या ठोक्यांचा एक आलेख छापावा आणि आडव्या अक्षावर सेकंद स्पष्ट दाखवावेत.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, सातारा