दावाओला शिकणाऱ्या लेकीस

औसा,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तुझा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. “आई, हललं. लई हललं. आम्ही सगळ्या खाली मैदानात आहोत,” एवढंच बोललीस आणि फोन कट झाला. मग सव्वा तास लागलाच नाही. तेवढा वेळ मी ओट्याला धरून उभी होते. बाबांनी टीव्ही लावला तर खाली पट्टी फिरत होती: फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ७.४ तीव्रतेचा भूकंप, सुनामीचा इशारा. अठरा वर्षं मी पोरांना नकाशा शिकवते. दावाओचं आखात कुठे वळतं, शहर त्याच्या कोणत्या काठाला आहे, हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्या सकाळी तेच माहीत असणं नकोसं झालं होतं.

संध्याकाळी पुन्हा मोठा धक्का बसला. रात्री बोललो तेव्हा तुझा आवाज रडून बसलेला होता. तू विचारलंस, “आई, दहा दिवसांपूर्वी सेबूला झालं, आता इथे. वर्षभर वादळं चालूच. याच देशावर एवढं का कोसळतं गं?” फोनवर मी ‘झोप आता’ म्हणाले. तुझ्या सीनियर मैत्रिणीचे आईबाबा रविवारी निघताहेत, त्यांच्याजवळ फराळाचा डबा आणि हे पत्र देते आहे.

त्या सेबू बेटावरच्या भूकंपाची तारीख तुझ्या लक्षात आली का? ३० सप्टेंबर. तिथे रात्री दहाला एखादं मिनिट कमी असताना ६.९ चा धक्का बसला आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. आपल्या किल्लारीची तारीखही तीच, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दरवर्षी त्या दिवशी आज्जी उपास धरते. यंदा उपास सोडायच्या वेळेला सेबूची बातमी आली, आणि ती ताटावरून तशीच उठली.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते.

वहीवर तुझ्या देशाचा नकाशा काढ. ७,६४१ बेटं आहेत, सगळी काढू नकोस, लुझॉन, मधली विसायस आणि खाली मिंदानाओ एवढं पुरे. आता पूर्वेला एक रेघ ओढ. ती फिलिपाईन गर्ता, म्हणजे समुद्रतळातली अरुंद, खोल घळ, साडेदहा हजार मीटर खोल. त्यात एव्हरेस्ट उभं केलं तरी वर दीड किलोमीटरहून जास्त पाणी उरेल. तिथे पॅसिफिकच्या बाजूचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, पश्चिमेला सरकत बेटांखाली शिरतो. पश्चिमेला, लुझॉनच्या बाजूला, मनिला गर्ता काढ. तिथे उलट दिशेने येणारा तळ पूर्वेकडे खाली शिरतो. दोन बैलांनी समोरासमोर शिंगं लावावीत आणि मधल्या मातीने रेटा सोसावा, तसा हा देश दोन्हीकडून दाबला जातो. एवढ्या दाबात मधली जमीन अखंड कशी राहील? लुझॉनपासून मिंदानाओपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची एक भेग तिला उभी चिरत गेली आहे. १६ जुलै १९९० ला त्याच भेगेवर लुझॉन हाललं आणि बागिओ शहरातली मोठमोठी हॉटेलं कोसळली.

खाली शिरणारा भूपट्ट समुद्राचं पाणीही आपल्या खडकांत मुरवून नेतो. खोल गेल्यावर ते पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. बर्फावर मीठ टाकलं की तो लवकर वितळतो ना, आपण पॉटचं आइसक्रीम करताना टाकतो तसं, तसाच पाणी मिळालेला खडक कमी उष्णतेत वितळतो. तो वर आला की ज्वालामुखी. तिथल्या सरकारी यादीत २४ जागृत ज्वालामुखी आहेत. तुझ्या खिडकीतून दिसणारा माउंट अपो, २,९५४ मीटरचा, हाही ज्वालामुखीच आहे. तू पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो पाठवला होतास, ढगांतून डोकं काढलेला. तो फोटो अजून माझ्या मोबाइलच्या पडद्यावर आहे.

आणि वादळं. पॅसिफिकवरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं पाणी ढकलत तुमच्या दाराशी आणून साठवतात. जगातला सगळ्यात उबदार समुद्र तो. त्यावर जन्मलेलं वादळ त्याच वाऱ्यांबरोबर पश्चिमेला निघतं, आणि वाटेत पहिली मोठी जमीन लागते ती फिलिपिन्सची. वर्षाला सरासरी वीस वादळं त्यांच्या हद्दीत येतात, आठ-नऊ जमिनीवर चढतात. म्हणून तिथला हवामान विभाग, पागासा, दरवर्षी नावांची स्वतःची यादी तयार ठेवतो. जे वादळ फार माणसं नेतं त्याचं नाव यादीतून कायमचं काढतात. जगाने ज्याला हैयान म्हटलं, ते तिथे योलांडा होतं. आता कोणत्याही वादळाला योलांडा नाव मिळणार नाही.

योलांडाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तू डॉक्टर होणार आहेस आणि हे तुझ्या कामाचं आहे. ८ नोव्हेंबर २०१३. ताक्लोबान शहर ज्या उपसागराच्या टोकाला आहे तो नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. वाऱ्याने रेटलेलं पाणी त्यात शिरलं आणि पाच-सहा मीटर उंच होऊन शहरात घुसलं. अख्ख्या देशात ६,३०० च्या वर माणसं गेली. इशारा मिळाला नव्हता असं नाही. रेडिओवर, टीव्हीवर सांगत होते, ‘स्टॉर्म सर्ज’ येणार आहे. लोकांना ते शब्द समजले नाहीत. वादळ म्हणजे वारा आणि पाऊस, एवढं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, म्हणून ते पक्क्या भिंतीच्या आत बसून राहिले. नंतर वाचलेल्या कितीतरी जणांनी सांगितलं की नुसतं ‘सुनामीसारखं पाणी येतंय’ म्हटलं असतं तरी आम्ही पळालो असतो. हे वाचलं तेव्हा मी शिक्षिका म्हणून हादरले. मीही वर्गात ‘वादळी लाटेची उंची’ म्हणून पुढे जात होते. आता आधी सांगते, समुद्र घरात येतो. मग पुस्तकातला शब्द.

म्हणून तिथली बिसाया भाषा मन लावून शीक. परीक्षेपुरती नको. तूच मला लिनोग म्हणजे भूकंप आणि बाग्यो म्हणजे वादळ हे शिकवलंस. उद्या एखादी म्हातारी तुझ्यासमोर बसेल तेव्हा तिला तिच्या शब्दात सांगता आलं पाहिजे.

आता जे तुला कधी नीट सांगितलं नाही ते सांगते. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. गावात गणपती विसर्जन झालं होतं, भजन करत परतायला उशीर झाला. उकडत होतं म्हणून मी आणि आज्जी अंगणात बाजेवर पडलो. तुझा मामा आत झोपला, तुझे आजोबाही आत. आपलं घर माळवदाचं होतं. हात-हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर फूट-दोन फूट माती. दर पावसाळ्याआधी आजोबा त्यावर नवी माती चढवत. उन्हाळ्यात घर गार राही, सगळे कौतुक करत. त्या पहाटे तेच माळवद खाली आलं. मामाला काढलं तेव्हा त्याच्या तोंडात, नाकात, कानात माती भरलेली होती, पावसाने ओली, काळी. आज्जीने बोट घालून ती काढली आणि त्याने श्वास घेतला. आजोबांपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. चितेला लाकूड नव्हतं, म्हणून त्याच घराच्या तुळया त्यांच्यासाठी वापरल्या.

किल्लारीची तीव्रता सहाच्या थोडीच वर होती. परवा तुमच्याकडे झालेल्या भूकंपातून साठ पटीच्या आसपास जास्त ऊर्जा बाहेर पडली. तुमच्याकडे केंद्र समुद्रात होतं, वेळ सकाळची होती, आपल्याकडे ते पायाखाली आणि सगळे झोपेत, हे खरंच. पण आमच्यावर जे पडलं ते छत होतं, आणि ते आम्हीच वर्षानुवर्षं जड करत आलो होतो. कारण ही जमीन हलेल असं कोणाच्या मनातच नव्हतं. दख्खनचा काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. लातूर तेव्हा सरकारी नकाशातही सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. आदल्या वर्षी किल्लारीत बारीक धक्के बसत होते, गुडगुड ऐकू येत होती. तरी मोठी माणसं म्हणत, आपल्याकडे काही होत नसतं.

हेच वाक्य तुझ्या देशातही माणसांना नडलंय. पिनातुबो डोंगर जवळजवळ पाचशे वर्षं शांत होता, त्याच्या उतारावर आयेता या आदिवासी लोकांची वस्ती होती. १९९१ च्या एप्रिलपासून तो धुमसायला लागला. शास्त्रज्ञांनी मागे लागून हजारो माणसं हलवली, म्हणून ती वाचली. १५ जूनला तो फुटला, त्याच दिवशी वादळही आलं. छपरांवर पडलेली राख पावसाने भिजून सिमेंटसारखी जड झाली, आणि जी शेकडो माणसं गेली त्यातली बरीचशी छपरांखाली गेली. ओल्या राखेचं ते वर्णन वाचताना मला आमची काळी माती आठवली. पुस्तक मिटून ठेवलं.

आणि तुझ्या अगदी शेजारची गोष्ट. दावाओत तुला सगळे सांगतात ना, इथे बाग्यो येत नाही? ते बऱ्याच अंशी खरं आहे. विषुववृत्ताच्या फार जवळ वादळाला भोवरा धरता येत नाही, आणि मिंदानाओ खाली आहे. पण ४ डिसेंबर २०१२ ला पाब्लो नावाचं वादळ याच पूर्व किनाऱ्यावर, बागांगाला चढलं. डोंगरावरून दगडगोटे आणि चिखल वाहत आला, त्याने गावं पुसली. हजाराहून जास्त माणसं गेली. ती अशा ठिकाणी राहत होती जिथे वादळ ‘येत नाही’.

तेव्हा लेकरा, घाबरून परत ये असं मी म्हणणार नाही. बाबा शुक्रवारी म्हणत होते, आता त्यांनाही पटलंय. एवढं मात्र कर. रात्री उशाशी बूट आणि टॉर्च ठेव, कारण फुटलेल्या काचेवर अनवाणी पळता येत नाही. हलायला लागलं की जिन्याकडे धावू नकोस, टेबलाखाली जा, त्याचा पाय घट्ट धर, थांबलं की मग उतर. समुद्राजवळ असशील आणि उभं राहता येणार नाही इतकं हललं, किंवा हलणं लांबलं, तर भोंग्याची, मेसेजची वाट बघू नकोस. उंचावर चालू लाग. १९७६ च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर मोरो आखातात भूकंप झाला तेव्हा लाटा काही मिनिटांत आल्या, पाच हजारांहून जास्त माणसं गेली. ते आखातही मिंदानाओचंच.

डब्यात चिवडा वर आहे, शंकरपाळ्या खाली. मैत्रिणींना दे. जिच्या घराला तडे गेलेत म्हणालीस, तिच्यासाठी वेगळी पिशवी बांधली आहे, तिच्या आईला पोचती कर.

आज्जी शेजारी बसून आहे. मला काय लिहायचं ते लिही म्हणते, पण माझं एक विचार. तुला ठाऊकच आहे, बत्तीस वर्षं झाली, कोणाच्याही नव्या घरात गेली की ती आधी मान वर करते. तुझ्या होस्टेलच्या खोलीचं छत कशाचं आहे, पत्र्याचं की स्लॅबचं, आणि परवाच्या धक्क्यानंतर कोणी इंजिनिअर येऊन भिंती, खांब बघून गेला का, हे तिला कळायला हवंय. रविवारी फोन करशील तेव्हा मोबाइल वर धरून तिला दाखव.

तुझी,
आई