डॉक्टरकाकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरकाकू,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हेल काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) मी काढलेली माणसांची छायाचित्रे पूर्ण झाली असून बहुतेकांच्या प्रती त्यांच्या घरी पोहोचल्या आहेत. हे काम तुमच्यामुळे उभे राहिले, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र.

कॅमेरा घेऊन आलेल्या परक्याकडे या भागात सावधपणे पाहिले जाते आणि त्यामागे इतिहास आहे. १९३६ च्या उन्हाळ्यात अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी याच काउंटीत, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणाऱ्या तीन गोऱ्या कुटुंबांची छायाचित्रे काढली. ती जगभर गाजली; मात्र आपल्या माणसांचे दारिद्र्य चव्हाट्यावर मांडले गेल्याचा सल त्या कुटुंबांच्या काही वारसांच्या मनात राहिला. मला ती छायाचित्रे थोर वाटतात आणि तो सलही रास्त वाटतो.

परदेशातून आलेल्या अनेक डॉक्टरांना व्हिसाच्या सवलतीपोटी डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. ती मुदत संपल्यावरही तुम्ही तिथेच राहिलात, म्हणूनच तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. तुम्ही चर्चच्या पाद्रींशी बोललात, रविवारच्या प्रार्थनेनंतर माझी ओळख करून दिलीत आणि मला दोनच अटी घातल्यात: माणूस आपणहून हो म्हणेपर्यंत कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही आणि पहिली प्रत त्याच्याच हातात द्यायची. कोणाच्या आजारपणाविषयी मात्र तुम्ही कधी अवाक्षर काढले नाही, याचे मला विशेष मोल वाटते.

त्या अटींमुळे छायाचित्रांचे रूपच बदलले. चर्चमध्ये लोकांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या एक आजी पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून ओसरीवर बसल्या. मी कॅमेरा लावत असताना त्या उठून आत गेल्या, दिवंगत पतीचा चौकटीतला फोटो घेऊन आल्या, तो मांडीवर उभा धरला आणि हातमोज्याच्या बोटाने काचेवरची धूळ पुसली. कसे दिसायचे हे त्यांनी ठरवले होते. माझ्याकडे उरले ते फक्त ओसरीच्या सावलीतला मऊ उजेड सांभाळणे. कॅटफिश या मिशाळ माशांच्या तळ्यांवर काम करणारे एक गृहस्थ कामाच्या कपड्यांत फोटो काढायला तयार नव्हते. त्यांना रविवारचा सूट हवा होता, आणि तोच योग्य होता. कष्टकऱ्याला मळक्या कपड्यांतच दाखवण्याचा छायाचित्रकारांचा हट्ट मला आता पटत नाही.

ज्यांची घरे बंद होती, त्यांच्या प्रती नावे घालून तुमच्या दवाखान्यात ठेवल्या आहेत. त्या तेवढ्या पोहोचत्या कराव्यात, ही विनंती. ज्यांनी प्रदर्शनाला नकार दिला, त्यांची छायाचित्रे त्यांच्या घराबाहेर कुठेही दिसणार नाहीत, हेही त्यांना कृपया सांगावे.

तुमचा ऋणी,
एक छायाचित्रकार