हळदीच्या अंगठ्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आमच्या नव्या छोट्या बॅटरीचा (टॉर्चचा) नमुना हातात घेणारा जवळपास प्रत्येक माणूस म्हणतो, ‘बटण अगदी अंगठ्याखाली येतं हो!’ ती जागा मी शोधलेली नाही, तुम्ही शोधलीत. हे त्यांनाही कळायला हवं.

जूनमध्ये पहिला नमुना घेऊन मी तुमच्याकडे आलो, तेव्हा कौतुक ऐकायच्या तयारीने आलो होतो. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये मी स्वतः लेथवर उभं राहून तिची बॉडी काढली होती. १८३५० चा सेल (१८ मिलिमीटर जाड, ३५ मिलिमीटर लांब), मुठीत मावेल एवढी लांबी, डोक्याजवळ बाजूला बटण. तुम्ही ती उलटसुलट पाहिलीत, काही बोलला नाहीत. मग स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणलीत, ओल्या अंगठ्याला लावलीत आणि मला खोलीतला दिवा घालवायला सांगितलंत. अंधारात खिशातून बॅटरी काढायची, अंगठा जिथे पडेल तिथे दाबायचं, दिवा लावून ठसा पाहायचा, पुसायचं, पुन्हा. सहा वेळा केलंत. सहापैकी पाच ठसे बटणाच्या खाली. मी व्हर्निअर (बारीक अंतर मोजायची पट्टी) लावला, अंतर भरलं ७ मिलिमीटर. काँप्युटरच्या पडद्यावर बटण जिथे शोभून दिसत होतं, तिथे हात जातच नव्हता. दुसऱ्या नमुन्यात बटण ७ मिलिमीटर खाली आलं आणि भोवती उथळ वाटी आली, म्हणजे हातमोजा असला तरी बोटाला जागा कळते. त्या पहिल्या बॉडीवर नर्लिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या, खाचांत अजून थोडी पिवळी हळद आहे. मी ती धुतलेली नाही.

त्यानंतर तुम्ही ती राजगडावर नेलीत. पद्मावतीच्या देवळात सगळे झोपलेले, तुम्ही पाणी प्यायला उठलात, बटण दाबलंत आणि माझी बॅटरी थेट पूर्ण ताकदीने पेटली. दहा-बारा माणसं जागी झाली, तुमचेही डोळे दिपले. परत आल्यावर तुम्ही रागावला नाहीत, समजावून सांगितलंत. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोताने ती कमाई क्षणात जाते. म्हणून रात्री उठलेल्या माणसाला पहिल्यांदा मिणमिणता उजेड हवा. आता बटण दाबून धरलं की अर्ध्या लुमेनपासून (लुमेन हे उजेडाचं माप) उजेड हळूहळू चढतो. पूर्ण झोत हवा असेल त्याने दोनदा दाबावं. एवढा साधा बदल, पण लोकांनी सगळ्यात जास्त आभार याचेच मानलेत, आणि ते मी तुमच्यापर्यंत पोचवतोय.

पंच्याची गोष्टही सांगायलाच हवी. सॅकमध्ये बटण दाबलं गेलं, बॅटरी आतच पेटत राहिली आणि तुमच्या पंच्याचा कोपरा तपकिरी झाला. चूक सर्वस्वी माझी होती. मागच्या टोपीच्या आट्यांवर मी अॅनोडाइझिंग (अॅल्युमिनियमवर चढवलेला टणक ऑक्साइडचा थर) ठेवलं नव्हतं, त्यामुळे टोपी सैल केली तरी उघड्या अॅल्युमिनियममधून वीज जातच होती. आता आटे अॅनोडाइझ केलेले आहेत. त्या थरातून वीज जात नाही, म्हणून टोपी पाव फेरा सैल केली की बॅटरी बंद म्हणजे बंद. पंचा नवा घेऊन देतो म्हटलं तर तुम्ही ऐकत नाही!

रंगाच्या बाबतीत मी तुमच्याशी बराच वाद घातला होता. ६५०० केल्विनचा (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), ७० सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) एलईडी मी लुमेनचा आकडा मोठा दिसावा म्हणून घेतला होता. तुम्ही गच्चीवरचा पाचोळा आणून त्यात सुतळीचा तुकडा टाकलात. माझ्या पांढऱ्या उजेडात मला तो सापडेना. तुमच्या जुन्या बॅटरीच्या पिवळसर उजेडात लगेच दिसला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. स्वस्तातल्या लेपात तांबडा कमी पडतो आणि सगळे तपकिरी रंग एकसारखे राखाडी दिसायला लागतात. ‘सुतळीच्या जागी फुरसं असतं तर?’ एवढंच तुम्ही विचारलंत. आता ४५०० केल्विन आणि ९० च्या वरचा सीआरआय आहे. आकडा १२०० वरून ९०० वर आला, पण डोळ्याला तो फरक जेमतेम कळतो. उजेड दुप्पट वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात. शिवाय एवढीशी बॉडी तापते, म्हणून ते ९०० सुद्धा दोनच मिनिटं टिकतात आणि मग ३०० वर येतात. तुमच्या आग्रहामुळे डब्यावर दोन्ही आकडे सारख्याच अक्षरात छापलेत.

चार्जिंगचं तुम्ही एका ओळीत कळवलंत, ‘दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाही.’ अशा केबलवर चार्जर ज्यांच्यावरून उपकरण ओळखून वीज सोडतो, ते ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बोर्डवर लावायचे राहून गेले होते. ते आता बसवलेत.

बॅटरी लोखंडाला चिकटून राहावी म्हणून बसवलेल्या चुंबकाचं मात्र मी तुमचं ऐकलं नाही. होकायंत्र बिघडवतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण रात्री रस्त्याच्या कडेला स्कूटर उघडून बसलेल्या माणसाला दोन्ही हात मोकळे लागतात. शेवटी चुंबक काढता येईल असा केला. तुम्ही तुमचा काढून टाका.

वयाच्या सत्तराव्या वर्षी, पावसात, स्वतःच्या खर्चाने गड चढून दुसऱ्याच्या अर्धवट वस्तूतली खोट शोधायची आणि मग ती वहीत तारीखवार लिहून द्यायची, हे तुम्ही माझ्यासाठी केलंत. पैसे विचारले तर विषय बदललात.

पहिली बॅच परवा अॅनोडाइझिंगहून येतेय. त्यातला पहिला नग तुमचा. रविवारी सकाळी घेऊन येतो. वही तयार ठेवा, ओ-रिंगबद्दल (पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेल्या रबरी कडीबद्दल) तुम्हाला काही म्हणायचं होतं ते राहिलंय.

तुमचा,
भोसरीचा लेथवाला