एक्केचाळिसावा दिवस

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पम्या,

गणपतीनंतर पत्र नाही, फोन नाही, मीनूच्या साखरपुड्यालाही आलो नाही. रागावला असशील तर ते बरोबरच आहे. इकडे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर ठीक.

मी सिगारेट सोडलीय. तुला कळवलं नाही, कारण आधी तीनदा कळवून झालं होतं. आज सत्तेचाळीस दिवस झाले. पण एक्केचाळिसाव्या दिवशी, सोमवारी, एक ओढली. हिला अजून सांगितलेलं नाही.

आपली शेड पाडताहेत रे. वागळे इस्टेटला मुद्दाम गेलो. पत्रे उतरलेत, तुझ्या लेथखालचा तेलाचा काळा चौकोन तेवढा फरशीवर उरलाय. अंधार पडेपर्यंत तिथंच होतो. बाहेर आलो तर टपरीवाले काका! केस पांढरेशुभ्र झालेत. मला बघितलं आणि काही न विचारता एक सिगारेट नि काडेपेटी पुढे केली. "प्रमोद कसाय?" पहिली चौकशी तुझी. सुटी सिगारेट विकायला 2020 पासून राज्यात बंदी आहे, पण त्यांनी विकली कुठे होती, दिली होती. त्या हाताला मला नाही म्हणता आलं नाही.

खिशात निकोटिनचं च्युइंगम होतं. आधी मी ते साध्या गमसारखं कचाकचा चावायचो. घसा जळायचा, उचक्या लागायच्या. मग सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या तंबाखू सोडवणाऱ्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या ताईंनी शिकवलं: आठ-दहा वेळा चावायचं, जिभेला तिखट लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास एक पुरतं. तोंडात असताना चहा नाही, आधी पंधरा मिनिटंही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. मी नेमकं चहाबरोबर चघळत होतो! सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागायची, म्हणून डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमचं लिहून दिलं. त्याआधी दंडावर निकोटिनची पट्टी लावून पाहिली होती. तिनं रात्री भलती स्वप्नं पडायची. एकदा आपण दोघं खाडीवर निवट्या मासे विकत होतो आणि तू गिऱ्हाइकाला उधारी देत होतास. जागेपणी कुणाला चहा पाजत नाहीस, म्हणून खूप हसलो.

मंगळवारी सकाळी आठला ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एक ओढली म्हणजे घसरलात, पाकीट घेतलंत तर परत गेलात. तारीख तीच धरा, पुढे चला. पटलं. पण एक गोष्ट त्यांना सांगता आली नाही. पम्या, ती सिगारेट मला आवडली. पाच मिनिटं शेड उभी होती, मशीनचा आवाज होता, तू शेजारी होतास. तलफेला पाणी पिता येतं, फेऱ्या मारता येतात, ती पाच-दहा मिनिटांत उतरते. याला काय करू? परवा जेवताना घास तसाच हातात राहिला नि मला तेलाचा वास आला.

2009 ला तू तलावपाळीवर माझं अख्खं पाकीट पाण्यात फेकलंस. तू एका झटक्यात सोडलीस, वर मला शहाणपणा शिकवतोस, म्हणून मी चारचौघांत तुला बायकोचा गुलाम म्हणालो. आठ महिने बोललो नाही आपण. तू तेव्हा एकट्यानं, कुठल्याही औषधाशिवाय काय सोसत होतास ते मला या सत्तेचाळीस दिवसांत कळलं. माझं चुकलं. (पहिली मात्र तूच दिली होतीस, त्यावर मी ठाम आहे.)

मीनूला आशीर्वाद. जावई नाशिकचेच का? गुडघ्याचं ऑपरेशन टाळू नकोस.

ताईंची लाइन रात्री आठला बंद होते, सोमवारी तर दिवसभर. माझी वाईट वेळ जेवणानंतरची, साडेनऊ-दहाची. उद्या सोमवार आहे. हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल, पण उद्या साडेनऊला मी फोन करणार आहे. फार काही बोलू नकोस, शेडमधलं काहीही सांग, दहा मिनिटं. उचल.

तुझा,
अव्या