बाबा, टायफॉइड नव्हता

लीड्स, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर तीनदा विषयापर्यंत येऊन मागे फिरले, म्हणून लिहितेय. मी कंपनी सोडली. एक तारखेपासून इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, मानसोपचाराच्या वॉर्डात रुजू होतेय. नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. पीअर सपोर्ट वर्कर. जो स्वतः असं आजारपण काढून उठलाय, त्यालाच ही नोकरी मिळते.

बाबांनी इथे चष्मा काढून ठेवला असेल. पगार बँड ३ चा, वर्षाला साधारण २५ हजार पौंड. आत्ताच्या निम्म्याहून कमी. पण पेन्शन आहे, २७ दिवस रजा आणि वर ८ सार्वजनिक सुट्ट्या. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, झालंय, त्यामुळे व्हिसाची काळजी नाही. भाड्याचा हिशेब दोनदा केलाय. आई, रविवारी पोळ्या लाटून फ्रीजरला टाकते, उपाशी राहत नाही.

२०१९ ला मी २८ दिवस अशाच वॉर्डात होते. तू व्हिसा काढून धावत आलीस तोवर मला घरी सोडलं होतं, म्हणून आतलं कधी सांगितलंच नाही. झोप यायची नाही. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या मशीनपाशी बसून राहायचे. एका रात्री गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "चार वर्षांपूर्वी मी त्या समोरच्या खोलीत होते." पुढे काही विचारलं नाही. आम्ही बिस्किटं खाल्ली. बाबा सायकलच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे आणि उतार आला की मागून "आहे मी" म्हणायचे, तसं काहीसं वाटलं.

शिवाय नवे नर्स, डॉक्टर घेताना मुलाखत घेणाऱ्यांमध्ये पेशंट राहिलेला एक जण बसवतात. वर्षभर मी जातेय, तासाचे पैसे मिळतात. एका हुशार उमेदवाराला विचारलं, रात्री तीनला पेशंट जागा असेल तर काय कराल? तो गोळ्यांची नावं सांगू लागला. मी गुण कापले, आणि ते धरले गेले! बाबा, कोर्टात जन्म गेला तुमचा म्हणून सांगते, आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही केंद्रीय प्राधिकरणावर या आजारातून गेलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा आहे.

खरी अडचण मला कळते. "मुलगी काय करते?" याच्या उत्तरातच आता आजार आला. तेव्हा तुम्ही सगळ्यांना टायफॉइड सांगितलात. राग नाही हो, मीही ऑफिसात पाठदुखी सांगितली होती. नानाकाकांना मीच सांगेन, तुम्ही फक्त नवा आजार शोधू नका. माझ्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांना विचारूनच अर्ज केला.

आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही घेतला. पाण्याची मोटर लावायला तू खाली उतरायचं नाहीस. आणि बाबा, तीन महिन्यांची शुगर याच आठवड्यात तपासा. रिपोर्टचा फोटो पाठवा. आकडा तोंडी नको, तुम्ही कमी करून सांगता.

तुमची,
चिमू