मागच्या ट्रॉलीची खीळ कोण तपासणार?

महोदय,

गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात. अपघात झाला की ड्रायव्हरच्या वेगाची चर्चा होते. ट्रॉली हुकाला अडकवणाऱ्या खिळीकडे, त्या जोडणीकडे कुणी वाकून बघत नाही.

दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर यावा लागतो. त्यानेच ट्रॅक्टरची मागची चाके रस्ता धरतात. पहिलीच्या मागे दुसरी तशीच ट्रॉली अडकवली की तिच्या दांडीचा भार पहिलीच्या आसामागे (अ‍ॅक्सलमागे) पडतो, आणि तराजूसारखी पुढची दांडी वर उचलते. चाके हलकी झाली की उतारावर ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते. म्हणून पहिल्या ट्रॉलीत मोळ्यांचे वजन आसाच्या किंचित पुढे हवे. फार पुढेही नको, नाहीतर चढाला ट्रॅक्टर पुढून उचलतो. मागची ट्रॉली नेहमी हलकी. ती जड झाली की पुढचीला झोके देते. अशी वळवळ सुरू झाली तर स्टिअरिंग झटकू नये, कचकन ब्रेकही मारू नये. रेस सोडून गाडी मंदावू द्यावी.

बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, सगळे ओझे ट्रॅक्टरच रोखतो. रस्त्यावर येण्याआधी डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले कडीने जोडलेली हवीत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा होतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे इंजिनची रोख गमावतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते.

हुकाचे भोक झिजून लांबट झाले असेल तर नवी खीळही उड्या मारते. खिळीच्या टोकाला लिंच पिनच (खीळ निसटू न देणारी कडीची पिन) हवी, तार किंवा खिळा नव्हे. दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या बांधल्या, तर खीळ निसटली तरी दांडी रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणापुरती सैल असावी, जमिनीला घासू नये.

टेल लॅम्प शेवटच्या ट्रॉलीवर लागतो, पण लोंबणारा ऊस तोच झाकतो. मागे लाल, बाजूला पिवळी रेडियम पट्टी उसाने झाकली जाणार नाही अशी लावावी. आणि पंक्चर काढून झाल्यावर चाकाखालचे दगड उचलावेत! ते रात्री दुचाकीवाल्यांना दिसत नाहीत.

कारखान्याच्या काट्यावर रिकाम्या ट्रॉलीचे वजन होतेच. तिथेच खीळ, साखळी, दिवे पाहावेत आणि दोष निघाल्यास पुढच्या खेपेची पावती रोखावी.

– एक वाचक, शिरोळ