हातमोजे काढू नकोस

कोरेगाव, 9 नोव्हेंबर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. धावत आलो तोवर कट झाला. कुठे पोचलास ते तू आईला सांगितलं नाहीस, चांगलं केलंस, फोनवर कधीच सांगायचं नसतं. मला मात्र पोस्टिंगच्या ऑर्डरवर आठ माउंटन डिव्हिजन वाचलं तेव्हाच कळलं होतं. तिच्याच सिग्नल रेजिमेंटमध्ये, फोन-वायरलेस सांभाळण्यात माझी सात वर्षं गेली. पाकिटावर 56 एपीओ हा फौजेच्या टपालाचा पत्ता लिहिताना हात आपोआप चालला. आजवर त्या पत्त्यावरून पत्रं पाठवली होती, त्याच पत्त्यावर कधी लिहिलं नव्हतं.

पुण्याला झेलम सुटली तेव्हा मी बोललो नाही, ते रागाने नव्हे. तू दोस्तांसमोर म्हणालास, "बाबा, आता सगळं फायबर आणि सॅटेलाइटवर चालतं. तुमच्यासारखी तार जोडत कोण बसतं?" सगळे हसले, मीही हसलो. मग गाडी हलली आणि सांगायचं होतं ते राहून गेलं. सांगायचं एवढंच होतं की बाहेर काम करताना हातमोजे काढू नकोस. फायबर केसाएवढं बारीक. ते जोडायला बोटं आणखी मोकळी लागतात, म्हणजे मोह आणखी मोठा.

तार म्हणजे काय ते थोडं सांगतो, कंटाळलास तर सोडून दे. आम्हाला ट्रेनिंगला उस्ताद 1962 सांगायचे. त्यांची ती खोडच होती, जेवणाच्या रांगेतसुद्धा सुरू व्हायचे. चौथी डिव्हिजन आफ्रिकेत, इटलीत नाव काढलेली, पण नामका चू नदीवर सातवी ब्रिगेड उभी राहिली तेव्हा ना डोंगराची तयारी होती, ना थंडीचे कपडे. 20 ऑक्टोबरच्या पहाटे तोफा सुरू झाल्या. चिन्यांनी टेलिफोनच्या तारा तोडल्या, आणि खाली काय चाललंय ते वर कळेना, वरचं खाली कळेना. दोन दिवसांत ब्रिगेडियर दळवी शत्रूच्या हाती लागले. उस्ताद म्हणायचे, फौज हरण्याआधी बहिरी होते. त्या लढाईनंतर डोंगरासाठी म्हणून वेगळ्या डिव्हिजन उभ्या राहिल्या. तुझी आठवी 1963 ची. आधी नागालँडच्या जंगलात, पुढे काश्मीर खोऱ्यात, आणि 1999 च्या जूनमध्ये कारगिलच्या लढाईत द्रासला. आपली सिग्नल्सची कोअर तर त्याहून जुनी, 15 फेब्रुवारी 1911 ची. पण ते तुझ्याकडून पणजीच्या ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं असेलच. 'तीव्र चौकस' हे ब्रीद तुझ्या टोपीवर आहे, मी काय सांगू.

द्रासला आम्ही गेलो तेव्हा तोलोलिंगच्या डोंगरावरून शत्रूला आमचा रस्ता तळहातासारखा दिसत होता. गाड्या रात्री, दिवे बंद करून चालायच्या. रस्त्याकडेने घातलेली केबल एका गोळ्यात चार ठिकाणी तुटायची. मग फोन खांद्याला लावून तारेबरोबर चालत निघायचं. मध्येच तारेत पिन टोचायची, हँडल फिरवायचं, आधी मागच्या एक्स्चेंजला विचारायचं, मग पुढच्या. जे टोक उत्तर देत नाही, तुटलेलं त्या बाजूला. अंधारात तार हातातून सरकवत जायचं, आणि ती अचानक संपायची. गोळ्यांपेक्षा मला त्या संपण्याचीच भीती वाटायची, का कोण जाणे.

20 जूनला पॉइंट 5140 हे शिखर घेतल्यावर कॅप्टन बत्रांनी वायरलेसवरून 'ये दिल मांगे मोर' म्हटलं, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कंपनीबरोबर सेट वाहून नेणारा जवान पलटणीचाच असतो, आपला नव्हे. तिथून पुढे ब्रिगेड, डिव्हिजन अशी साखळी चालू ठेवायची, ते आपलं काम. त्याचा फोटो कुठे येत नाही. आईने तेव्हा पेपरात माझं नाव शोधलं होतं. (तुझ्या आक्काच्या वेळी ती तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. तो उन्हाळा तिने कसा काढला ते मी कधी विचारलं नाही.)

आता हे लक्षात ठेव. व्हीएचएफ वायरलेस डोंगराला अडतं. कड्याआड गेलास की सेट मुका. दोन्हीकडे दिसेल अशा उंच जागी रिले बसवावा लागतो, आणि उंच जागा म्हणजे वारा. बॅटरी थंडीत अर्ध्या वेळात बसते, ती उराशी, आतल्या जॅकेटमध्ये ठेवायची. माइकवर श्वासाचं बर्फ धरतं, प्लास्टिकचा तुकडा बांध. चिकटपट्टी गारठली की चिकटत नाही, आधी काखेत गरम कर. आणि उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावू नकोस. कातडी तिथेच राहते.

बघ, पुन्हा लेक्चर झालं. हे सगळं तुझे उस्ताद सांगतील, त्यांची माहिती ताजी असेल. माफ कर.

पण माझ्या करंगळीचं सांगतो. तुम्हा पोरांना मी कडबाकुट्टीत गेली म्हणून सांगितलं, गावात लोक कारगिलमध्ये गेली म्हणून सांगतात आणि मी गप्प बसतो. दोन्ही खरं नाही. लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. फेब्रुवारी होता. एका चौकीची लाईन गेली. हुकूम दोघांनी जायचा होता. जोडीदार तापाने फणफणला होता, म्हटलं दहा मिनिटांचं काम, मी एकटाच जाऊन येतो. तूट सापडली. जाड मोज्यात गाठ बसेना. त्या केबलमध्ये तांब्याबरोबर पोलादाच्या तारा असतात, कडक, बोटांना दाद देत नाहीत. डावा मोजा दातात धरला आणि काढला. वाऱ्याने तो दातातून नेला. टॉर्चच्या उजेडात तो उतारावरून घरंगळत जाताना दिसला, सशासारखा उड्या मारत. हसूच आलं मला. मग जोड पुरा केला, टेप मारली, हँडल फिरवलं, पलीकडून आवाज आला. हात खिशात घातला तेव्हा करंगळी कुणा दुसऱ्याची असल्यासारखी लागली. आठवड्याने शेंडा काळा पडला.

लाईन मात्र चालू झाली होती. तेही लिहितो, कारण तू तिथे मोजा काढशील हे मला माहीत आहे. पलीकडे कुणी वाट बघत असेल तर मीही पुन्हा काढीन. म्हणूनच सांगतो, एकटा जाऊ नकोस. दुसरा सोबत असला तर एकाने जोडायचं, दुसऱ्याने पहिल्याचा मोजा स्वतःच्या कोटात धरायचा. एवढंच. मोज्याला दोरी लावून ती गळ्यात घाल, लहान पोरासारखी. कुणी हसलं तर हसू दे.

अग्निवीर म्हणून चार वर्षांनी ठेवतील की परत पाठवतील, ह्याचा विचार तिथे करू नकोस. विहिरीचं काय ते मी बघतो, मोठ्या घरचे आता बरे बोलतात. तांबडी व्याली, कालवड झाली. कसम परेडचा तुझा फोटो आईने देव्हाऱ्याशेजारी लावलाय, मी नको म्हणत होतो. पण परवा वीजवाला आला होता, त्याला मीच आत बोलावून दाखवला.

आई तुझ्यासाठी आत घालायचे लोकरीचे मोजे विणायला बसली आहे, माझ्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून. तिला माप हवं आहे. पुढच्या पत्रात कागदावर हात ठेवून पेन्सिलीने कड आखून पाठव. सगळी बोटं पसरून. दोन्ही हातांची.

तुझा,
बाबा